तुमच्या आवाजाआड येणारा पंखा

अहो,

लोक येतात, चटईवर बसतात, आणि तुमच्याबद्दल भलतंच काहीतरी सांगून जातात. परवा दासगावच्या मावशी आल्या होत्या. म्हणाल्या, “काय गो शांत पोरगा होता, तोंडातून शब्द नाय.” मी मान हलवली. मनात म्हटलं, मावशी, तुम्ही त्यांना शुक्रवारी दुपारी तीन वाजता ऐकलं नाहीत. एकदा बोलायला लागले की समोरच्याला हुंकार द्यायलाही उसंत मिळायची नाही.

नवऱ्यामागे पाळायच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस मला उंबरा ओलांडायचा नाही. त्यातले जेमतेम दोन महिने सरलेत. शाळेतून रजा घेतली आहे. घरात आई आणि मी, सासू-सून दोघीच. तुमची माती तिकडे कुवेतलाच झाली, मी तुमचा चेहरा पाहिला नाही, त्यामुळे मधूनच मन मला फसवतं. वाटतं, तुम्ही नेहमीसारखे तिकडे आहात आणि रजा नेहमीसारखी पुढे ढकलली गेली आहे. मग आई तुमच्या नावाने फातेहा म्हणायला बसतात आणि मी जागी होते.

पण मला आज लिहायचं आहे ते निराळंच. मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली होती. दोन वर्षांपूर्वी रजा संपवून तुम्ही गेलात ते मान खाली घालून. उभा जन्म लोकांच्या घरांत गार हवा खेळवणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातलं एवढंसं यंत्र गार ठेवता आलं नाही, हे मनाला लावून घेऊन गेलात. ते का जमत नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही. पुढच्या रजेला सांगेन, हसतील, एखादी शिवी घालतील आणि मिटेल, असं म्हणत राहिले. पुढची रजा आलीच नाही.

संगणक घरात आला तो तुमच्याच हट्टाने. फोनवर कार्ड संपत आलं की तुमचा जीव घाबरा व्हायचा आणि बोलायचं ते राहून जायचं. तिकडे तुमच्या खोलीजवळ इंटरनेट कॅफे निघाला होता. तिथे कानाला हेडफोन लावून बसलं की हवं तेवढं बोलता येतं, असं कुणीतरी तुम्हाला दाखवलं, आणि तुम्ही महिन्याभरात माझ्या मागे लागून महाडातून संगणक घ्यायला लावला. तुम्हाला सुट्टी शुक्रवारची. तिकडची जुम्म्याची नमाज आटोपून तुम्ही कॅफेत बसायचात, तेव्हा आपल्याकडे तीन वाजलेले असायचे. मार्च-एप्रिलमध्ये आपल्या तुडीलला दुपारी तीन वाजता सावित्री नदीतल्या म्हशीसुद्धा पाण्याबाहेर यायला तयार नसतात. त्या वेळेला मी शाळेतून धावत येऊन, पत्र्याखालच्या त्या खोलीत, संगणकापुढे पदर सावरून बसायचे. जसं काही तुम्ही मला पाहणार होता.

पहिल्या शुक्रवारी तुमचा आवाज आला आणि आईंनी स्पीकरलाच हात लावला. गालावरून फिरवावा तसा फिरवला. दहा मिनिटं छान गेली. मग खालच्या पेटीतून घोंघों सुरू झालं, वाढत गेलं, आणि तुम्ही तिकडून विचारलंत, “पिठाची चक्की लावलीस काय गो घरात?”

ती चक्की म्हणजे कूलर. महाडच्या दुकानातल्या दिनेशने मला नंतर समजावलं. पेटीच्या आत प्रोसेसर नावाचा एक चपटा चौकोनी तुकडा असतो. सगळा विचार तो करतो, आणि विचार करताना तापतो. त्याच्या डोक्यावर धातूच्या पात्यांचा ठोकळा बसवलेला असतो आणि त्यावर पंखा. हवा तापली की पंखा जिवाच्या आकांताने फिरतो, तरी नाही भागलं की संगणक आपणहून बंद पडतो. आईंनी कूलर हा शब्द ऐकून विचारलं होतं, “पानी कुठून घालायचा त्यात?” तुम्ही तिकडे किती वेळ हसत होता. ते हसू मात्र पंख्याच्या वर ऐकू आलं होतं.

बाकीचं येत नव्हतं. तुम्ही ओरडायचात, मी ओरडायचे. सगळ्या आळीला कळायचं की तुमचा गुडघा दुखतो आहे आणि आपल्या फणसाला यंदा किती फळ धरलं आहे. अहो, नवऱ्याला ‘आठवण येते’ हे ओरडून सांगता येत नाही. ओरडून तब्येत विचारता येते, पावसापाण्याचं सांगता येतं. मऊ बोलायचं ते सगळं मी पुढच्या शुक्रवारवर टाकायचे. तुम्हीही टाकत असणार.

मग मी महाडला बाजारपेठेत दिनेशच्या दुकानात गेले. पोलादपूरकडच्या उमरठचा तो, बाप अजून डोंगराला नाचणी करतो आणि हा संगणक जोडतो. ज्याच्याकडून घेतला त्यालाच धारेवर धरावं, म्हणून तावातावाने गेले होते. त्याने मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला, आणि पोरांना शिकवावं तसं मलाच शिकवलं.

“भाभी, कूलर निवडताना तीन गोष्टी बघायच्या. पहिली, आपल्या बोर्डावर त्याचे पाय बसतात का. सगळे कूलर सगळ्या बोर्डांना लागत नाय. दुसरी, पंखा. छोटा पंखा बोंबलतो. मोठा हळू फिरला तरी तेवढीच हवा टाकतो, म्हणून मोठ्याचा आवाज कमी. आणि तिसरी, उंची. चांगले कूलर उंच असतात, इमारतीसारखे. पेटीचं झाकण लागलं पाहिजे.”

मी हे वहीत लिहून घेतलं. घरी येऊन शाळेच्या लाकडी पट्टीने पेटीच्या आतलं अंतर मोजलं. पंधरा सेंटिमीटर. असला कूलर महाडात मिळत नव्हता, मुंबईहून मागवतो म्हणाला दिनेश. तुम्ही ऐकल्याबरोबर म्हणालात, कशाला, मी रजेवर येतोय, इकडून आणतो.

आणि आपलं भांडण जुंपलं. तुमचं म्हणणं, दांडग्यात दांडगा घ्यायचा. “यंत्र थंड राह्यला की पंखा आपसूक गप बसल. हवेचा मला शिकवतंस? आख्खा जन्म गेला माझा त्यात.” माझं म्हणणं, मला थंड नको, मुका पाहिजे. मापात बसणारा आणि मुका. सहा-सात शुक्रवार आपण त्या घोंघों आवाजातूनच, आवाज कमी कसा करायचा यावर एकमेकांच्या अंगावर ओरडत होतो. आज कबूल करते, तुमचंही बरोबर होतं. पण माझ्या म्हणण्यातली खरी गोष्ट तुम्ही कधी उचलली नाहीत. मला मुका पंखा यंत्रासाठी नको होता हो. मला तुमचा आवाज नीट हवा होता.

तुम्ही आलात. बॅगेतून अत्तराच्या बाटल्या निघाल्या, खजूर निघाला, ते जाड वाघाचं ब्लँकेट निघालं, आणि ब्लँकेटच्या घडीतून पोटाशी धरल्यासारखा तो खोका. मी पट्टी घेऊनच बसले होते. सोळा सेंटिमीटर.

“एक सेंटिमीटर म्हंजे काय गो! नखाएवढा,” तुम्ही म्हणालात. “झाकण उघडा ठेवू. वारा लागल.”

मी म्हटलं, मग मी मोजलं कशाला? त्यावर तुम्ही आईंकडे बघून म्हणालात की मास्तरणीशी लग्न करू नये. आई म्हणाल्या, तूच बघायला गेला होतास.

खोका तसाच पाच आठवडे कपाटावर राहिला, कारण तुम्ही घरात होता कुठे? गल्फवाल्याची रजा ही गावाची मालमत्ता असते. कुणाचा फ्रीज थंड करत नाही, कुणाच्या पोराला तिकडे लावायचं आहे, कुणाच्या घरी लग्न, कुणाच्या घरी मयत झालेलं आणि तुम्ही तेव्हा नव्हता म्हणून आता भेटायला जायचं. सकाळी चहाला बसलात की दारात कुणीतरी उभं. मला तुम्ही जेवताना दिसायचात, तेही पाहुण्यांच्या गर्दीत, मी वाढणारी. दोन वर्षं वाट बघायची ती ह्यासाठी, असं मनात यायचं आणि स्वतःचीच लाज वाटायची. बोलून दाखवलं नाही. आपल्या घरात बायका ‘आज जाऊ नका’ असं म्हणत नाहीत. आई कधी म्हणाल्या नव्हत्या, मीही म्हणाले नाही.

शेवटचे नऊ दिवस राहिले तेव्हा तुम्हाला खोका आठवला. जमिनीवर पेपर पसरलात, बनियनवर बसलात, आणि दिनेशला बोलवू या म्हटलं तर असं पाहिलंत की मी पुन्हा नाव काढलं नाही. खोक्यातलं पत्रक मी वाचायला घेतलं. तुम्ही म्हणालात, पत्रक वाचतात ते ज्यांना काम येत नाही ते. प्रोसेसरवर लावायची ती राखाडी पेस्ट बघून आईंनी दात घासायची समजून वास घेतला. तासाभरात काम झालं. सुरू केला. पंखा असा गुपचूप फिरत होता की तुम्ही माझ्याकडे बघून मिशीला हात लावलात. बरोबर वीस मिनिटांनी संगणक बंद पडला.

तुम्ही परत सुरू केलात. पुन्हा बंद. बोट लावून पाहिलंत, पाती गार, खालचा तुकडा तापलेला. तुमचा चेहरा पडला. “असा कसा होईल?” एवढंच म्हणालात, आणि रात्री जेवताना भात नुसता चिवडत बसलात.

आता आपल्या घरातली एक गोष्ट सांगते, जी तुम्हाला सांगायची गरज नाही. तुमचा कायदा होता, तिकडून आणलेल्या वस्तूवरची प्लास्टिकची पन्नी काढायची नाही. टीव्हीच्या रिमोटला पन्नी, घड्याळाच्या काचेला पन्नी, मिक्सरच्या बटणांना पन्नी. सोफ्यावर मे महिन्यात बसलं की उठताना मांडी सोलून निघावी तसा चर्रर आवाज यायचा. पाहुणे गेले की मी म्हणायचे, काढा हो ती एकदाची. तुम्ही म्हणायचात, “पन्नी काढली की वस्तू जुनी झाली. नवी राहू दे, मी पुन्यांदा येईपर्यंत.” तुम्ही नसताना काही जुनं होऊ नये, असं काहीतरी तुमच्या मनात असावं. म्हणून मीही सोफ्याची पन्नी फाटेपर्यंत काढली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आंघोळीला गेला होता. कूलर पेपरवर उलटा पडला होता. खिडकीचं ऊन त्याच्या तळावर आलं आणि कडेला काहीतरी चमकलं. मी वाकून पाहिलं. तळाला पन्नी होती. तिच्यावरच पेस्ट लावली होती तुम्ही. पत्रकात मी वाचलं होतं, पहिलं चित्रच ते होतं: ही पन्नी काढा. धातूला धातू लागला पाहिजे, मध्ये प्लास्टिक असेल तर वरच्या पात्यांना गरमी पोचणार कुठून?

मी हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात बाहेरून बिरवाडीच्या ओळखीच्या माणसाने तुमच्या नावाने हाक दिली. एसी बघायला चला, गाडी आणली आहे. आणि मोरीतून तुमचा आवाज आला, “आज नाय जमायचा! घरात काम हाय!”

घरात काम हाय. लग्न झाल्यापासून तुमच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मी पेपराचं पान उचललं आणि कूलरवर झाकलं.

असे ते नऊ दिवस. तुम्ही रोज ठोकळा काढायचात, पेस्ट पुसायचात, नवी लावायचात, स्क्रू आवळायचात, आणि मी शेजारी बॅटरी धरून बसायचे. “डावीकडे धर. डोळ्यात नको मारू.” लोक यायचे, तुम्ही त्यांना ओट्यावरूनच परत पाठवायचात. लोडशेडिंगमध्ये वीज गेली की तुम्ही भिंतीला पाठ टेकून बोलत बसायचात आणि मी सुकट निवडत ऐकायचे. इतक्या वर्षांत तुम्ही तिकडे नक्की काय करता हे मला तेव्हा कळलं. तुमच्या मानेवरचा भाजल्याचा डाग कशाचा, तेही. तुम्ही सांगितलंत, मोठाल्या घरांच्या माळ्यावर पत्र्याची भुयारं असतात, त्यांतून गार हवा खोल्यांत जाते. साफ करायला तुम्ही आत सरपटत जायचात. खाली घरातली माणसं जेवत असायची.

“हवा खाली जाते ना, तसा आवाज वर येतो,” तुम्ही म्हणालात. “एका घरात बाई रोज नवऱ्याला जेवायला हाक मारायची. मला भाषा कळायची, माणूस नाय दिसायचा. मी पुसायचा थांबून आयकत राह्यचो. ती हाक मारायची, तो यायचा नाय, ती परत मारायची.” मग म्हणालात, “कामात मन नाय लागायचा त्या घरात.”

मी तुमच्यापुढे चहा ठेवला.

एकच गोष्ट मला खुपायची. भिंतीवरची पाल कुठे शेपूट टाकून गेली हे सांगणाऱ्या तुमच्या डोळ्यांना, रोज हातात घेऊन, ती पन्नी दिसत कशी नाही? मी समजूत काढली. चष्मा लागला असेल आणि सांगायची लाज वाटत असेल. तिसऱ्या दिवशी तुम्ही पेस्ट संपली म्हणून महाडला जाऊन आलात, तेव्हा भीती वाटली होती की कुणीतरी तिथे सांगेल. पण दुपारच्या आत परत आलात, पुन्हा पेपर पसरलात आणि म्हणालात, “चल गो, बॅटरी घे.” माझा जीव भांड्यात पडला.

गेलात त्या दिवशी सकाळी तुम्ही जुना पंखा परत बसवलात. नवा खोक्यात घातलात, सुतळी बांधलीत. गाडी अंगणात उभी होती. “माळ्यावर ठेव. माझा अंदाज चुकला,” असं म्हणालात, तेही माझ्याकडे न बघता. त्या वेळी सांगायला हवं होतं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आई रडत होत्या. मी खोका पोटाशी धरून उभी राहिले.

मग दोन वर्षं आपण पुन्हा चक्कीत बोललो. तुम्ही म्हणाल, बये, मी गेल्यावर तरी पन्नी काढून बसवायचास. कसा बसवणार होते? आवाज थांबला असता, तुम्ही विचारलं असतंत, काय केलंस? मग मला सांगावं लागलं असतं की मला दुसऱ्याच दिवशी दिसलं होतं आणि पुढचे सगळे दिवस तुम्हाला खोटं खोटं राबवलं. समोरासमोर असते तर सांगितलंही असतं. तुमचा चेहरा न दिसता हे सांगायची छाती होईना. मी जुन्या पंख्याला शिलाई मशीनचं तेल घालत राहिले.

गेल्या आठवड्यात तो पंखा कायमचा थांबला. संगणक सुरू झाला की दोन मिनिटांत बंद. तुमची पत्रं त्यात आहेत, तुम्ही पाठवलेले फोटो त्यात आहेत, माझ्याकडे त्यांची दुसरी प्रत नाही. मी दिनेशला फोन लावला. पण इद्दतीत परक्या पुरुषासमोर यायचं नाही. शेवटी दिनेश ओट्यावर बसला, मध्ये दाराला पडदा, उंबऱ्यावर आई, आणि आत पेपर पसरून मी. तो बाहेरून सांगत होता, मी करत होते. माझं चुकेल म्हणून आई प्रत्येक वाक्य मोठ्याने पुन्हा सांगत होत्या. “स्क्रू उलटा फिरव म्हणतोय! उलटा!” दोन महिन्यांत पहिल्यांदा मला हसू आलं.

खोका सोडला. कूलर उलटा केला. पन्नी तिथेच होती, वाळलेल्या पेस्टखाली. तेवढ्यात दिनेशने बाहेरून विचारलं, “भाभी, तळाची पन्नी काढलीत ना?”

माझे हात थांबले. मी म्हटलं, “काढते.”

“म्हंजे अजून तशीच हाय?” पडद्यापलीकडे तो हसला. “भाईंनी काढलीच नाय शेवटपर्यंत. कमाल माणूस.”

मी विचारलं, त्यांना कुठे माहीत होती?

दिनेश थोडा घुटमळला. मग म्हणाला, “आता सांगायला हरकत नाय. पेस्ट न्यायला आलेले ना दुकानात, तेव्हा मी बोललो, भाई, पन्नी राहिली असंल, गल्फवाल्या घरांत हमखास राहते. तर बोलले, बघितली रे, पहिल्याच रात्री बघितली. मी बोललो, मग काढा की! तर बोलले, काढली तर उद्यापासून परत दारोदार फिरायला लागंल. सात दिवस राहिलेत. राहू दे बसलोय घरात तर. आणि भाभीला बोलायचं नाय, अशी शपथ घातली मला.”

आई पुन्हा सांगायला गेल्या आणि मध्येच गप्प झाल्या. मग आई म्हणाल्या, “पन्नी काढ गो,” आणि पदराने तोंड पुसायला लागल्या.

मी काढली. इतकी सहज निघाली. पेस्ट लावली, ठोकळा बसवला, तार जोडली, वीज दिली. आईंनी विचारलं, चालू हाय काय गो? झाला होता. कान लावल्याशिवाय कळत नव्हतं.

तर असं आहे. आता मला तुमच्याशी भांडायचं आहे आणि तुम्ही नाही. अहो, नाटकी माणसा, रोज पेस्ट पुसून परत लावत होता, कपाळाला आठ्या घालत होता, ‘माझा अंदाज चुकला’ म्हणून मान खाली घालून गेलात, आणि मी दोन वर्षं त्या मानेसाठी झुरले! मी समजत होते की ते नऊ दिवस मी चोरले. तुम्ही माझ्या आधी चोरले होते. तुम्हाला थांबायचं होतं, मला तुम्ही थांबायला हवे होतात, आणि एका खोलीत गुडघ्याला गुडघा लावून बसून आपण दोघांनीही त्यासाठी एक पंखा पुढे केला. सरळ ‘राहा’ म्हणायला मला काय झालं होतं? ‘राहतो’ म्हणायला तुम्हाला? मला केवढं हलकं वाटलं ते ऐकून, आणि त्याच घटकेला असं वाटलं की आत्ता तुम्ही समोर असता तर हाताला धरून तुम्हाला दारातून हलू दिलं नसतं, लोक काही म्हणोत.

शेवटच्या शुक्रवारचं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. आईंनाही नाही. त्या दुपारी उकाडा फार होता, पंखा नुसता किंचाळत होता. तुम्ही नेहमीसारखे ओरडत नव्हता. हळू बोलत होता, खूप वेळ. मी स्पीकरला कान लावला तरी शब्द लागेनात. थांबा, जरा मोठ्याने बोला, असं म्हणावंसं वाटलं. पण तुम्ही इतक्या वर्षांत पहिल्यांदा असं हळू बोलत होता, ते मोडवेना. शेवटी आवाज वर गेला आणि थांबला, काहीतरी विचारून थांबावं तसा. तुम्ही वाट बघत होता, हे मला कळलं.

मी ‘हो’ म्हणाले.

तुम्ही तिकडे हसलात. मोठ्याने नव्हे, सुटल्यासारखे. मग वीज गेली. पुढचा शुक्रवार यायच्या आत तुमच्या खोलीतल्या माणसाचा फोन आला.

काय विचारलं होतं तुम्ही? कायमचा घरी येऊ का, असं? की नुसतं, गुडघ्याला तेल पाठवशील का? दोन महिने मी राहून राहून त्या आवाजाला शब्द लावून बघते आहे. एकही नीट बसत नाही, आणि आता दिनेशचं ऐकल्यापासून सगळेच बसतात. मला ऐकू आलं नव्हतं, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. ऐकू आलं नसताना दिलेलं उत्तर खोटं धरतात का, मला माहीत नाही. पण तुम्ही जे काही विचारलं असेल, त्याला माझं हो आहे.